पिळदार गर्डर

माझ्या मोठ्या भावाला गॅलरी हवी होती. राहत्या घराला नव्हे. घराला गॅलऱ्या आहेत आणि त्यांत कपडे वाळत असतात. त्याला गोदामाला गॅलरी हवी होती.

हे गोदाम भिवंडीच्या बाहेर, अंजूरच्या बाजूला, खाडीकडे उतरणाऱ्या आमच्या भातशेतीत उभं राहिलं. आजूबाजूलाही गोदामंच आहेत. गोदामाला उंच पत्रा लागतो, सपाट जमीन लागते आणि ट्रक वळेल एवढी मोकळी जागा लागते. गॅलरी लागत नाही. आतल्या खोक्यांना बाहेर बघायची हौस नसते. पण रस्त्यापलीकडच्या गोदामाच्या मालकानं ऑफिसच्या मजल्यावर पुढच्या अंगाला काचेच्या कठड्याची गॅलरी काढली आणि तो रोज संध्याकाळी तिथं उभा राहून चहा पिताना दिसू लागला. त्या गॅलरीतून दिसण्यासारखी गोष्ट एकच होती : आमचं अर्धवट गोदाम.

"तो मना वरून बघतंय," भाऊ म्हणाला.

गॅलरीची गरज एवढ्या एका वाक्यात सिद्ध झाली. त्यावर घरात चर्चा झाली नाही.

अडचण अशी होती की सांगाडा उभा राहिला होता आणि नकाशात गॅलरी नव्हती. पुढच्या बाजूला दोन लोखंडी खांब होते आणि त्यांच्यामध्ये, ऑफिसच्या मजल्याच्या उंचीवर, एक लांब आडवा गर्डर होता. गर्डर म्हणजे वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि मध्ये उभा पत्रा, अशी लोखंडाची तुळई. बाजूनं कापून पाहिली तर इंग्रजी 'आय' अक्षरासारखी दिसते. या गर्डरवर फक्त ऑफिसची काचेची दर्शनी बाजू उभी राहायची होती. त्याहून जास्त त्याच्याकडून कोणी मागितलं नव्हतं.

सांगाड्याचं डिझाइन माझ्या पुतणीचं, म्हणजे या भावाच्याच मुलीचं. ती ठाण्यातल्या एका कचेरीत लोखंडी इमारतींची गणितं करते. तिच्या शब्दावर अनोळखी माणसं मजल्यावर मजले चढवतात. घरात तिच्या शब्दावर वॉशिंग मशीनची जागा ठरली होती आणि ती नंतर बदलण्यात आली. गावात तिच्या हातचं हे पहिलंच काम होतं. कागदावर सही तिची होती, त्यामुळे इमारतीनं काही आगळीक केली तर गाव कोणाचं नाव घेईल हे तिला ठाऊक होतं. बापाचं घेणार नाही, हेही ठाऊक होतं.

लोखंडकाम करणारा कंत्राटदार उत्तरेकडचा होता. बोलणं गोड, वेल्डिंग भरभर. गर्डरकडे बोट दाखवून तो म्हणाला, "शेठ, गर्डर तो खड़ा ही है. बाहर से ब्रॅकेट मार देंगे, ऊपर पत्रा, पत्रे पे काँक्रीट. गॅलरी तैयार."

"झाला," भाऊ म्हणाला.

"झालं नाही," पुतणी म्हणाली. ती हेल्मेट घालून आली होती. तिथं हेल्मेट घातलेली ती एकटीच होती आणि ते सगळ्यांना थोडं अपमानास्पद वाटत होतं. "पप्पा, हा गर्डर सरळ खाली येणाऱ्या भारासाठी आहे. तसा भार आणखी थोडा दिला तरी तो उचलेल. पण गॅलरी त्याच्या डोक्यावर बसणार नाही, एका बाजूला लटकणार. तो भार त्याला खाली दाबण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला फिरवणार."

"फिरवनार म्हंजे?"

तिनं धुतलेले कपडे पिळताना करतात तसे दोन्ही हात उलट दिशांना फिरवून दाखवले. "म्हणजे गर्डरला पीळ बसणार."

भावाचा चेहरा उजळला. हे मी समोरून पाहिलं.

"पीळ बसंल?"

"बसणारच."

"भरपूर?"

"भरपूर, पप्पा!"

"मंग काय पायजे?" तो कंत्राटदाराकडे वळला. "चालू करो!"

इथं थोडी मागची माहिती देणं भाग आहे. गोदामाच्या आधी भावाचे पॉवरलूम होते. निजामपुऱ्याजवळच्या गल्लीत, भाड्याच्या गाळ्यात. लूम चालवणाऱ्या माणसाचं आयुष्य सुताच्या पिळावर चालतं. पीळ कमी असेल तर धागा तुटतो, धागा तुटला की लूम थांबतो, लूम थांबला की कारागीर ओरडतो आणि व्यापारी त्याहून मोठ्यानं ओरडतो. माझा भाऊ सूत घेताना धाग्याचं टोक अंगठा आणि बोटामध्ये धरून उलटं फिरवायचा. पीळ पटकन सुटला तर गाठोडं परत. सुटायला कुरकुरला तर माल पास. त्याच्या लेखी पीळ हा दोष नव्हता, दर्जा होता. मुलीनं धोक्याची सूचना दिली आणि बापानं प्रमाणपत्र ऐकलं. एकच शब्द, एकच भाषा, एकच घर.

संध्याकाळपर्यंत बातमी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचली होती. मी तिथं होतो, म्हणून शब्दशः सांगता येतं.

"आमचा गर्डर साधा न्हाय," भाऊ सांगत होता. "पिळदार हाय. पोरीनं सोता तपासला."

"पिळदार?" एकानं विचारलं. या माणसानं शेत विकून व्यायामशाळा काढली होती.

"भरपूर पीळ हाय, असाच बोलली ती. इंजिनेर हाय."

व्यायामशाळावाल्यानं मान डोलावली. त्याच्या अनुभवातही पिळदार वस्तू मोडत नसत.

पुतणी घरी आली तेव्हा दोन शेजारणींनी तिचं अभिनंदन करून झालं होतं. ती स्वयंपाकघरात उभी राहून पाणी प्यायली आणि तिनं भांडं नको तितक्या जोरात ठेवलं.

"मी गर्डर वाईट आहे म्हणून सांगितलं, आई."

"अगं, पिळदार बोलले ते," वहिनी भाकरी थापत म्हणाली. "चांगलाच बोलले ना?"

मी वर्तमानपत्रात बातमीदार होतो. बातमीदारीत सगळ्यात अवघड काम खोटी बातमी पकडण्याचं नसतं. खोट्याला पुरावा नसतो, तो मागितला की झालं. अवघड असते ती खरी अवतरणं असलेली चुकीची बातमी. इथं अवतरण तंतोतंत होतं. "भरपूर" हा शब्दसुद्धा तिचाच होता. तिला खुलासा करावा लागला, आणि खुलाशाचं जे सगळीकडे होतं तेच झालं. कोणी वाचला नाही.

तरी तिनं प्रयत्न सोडला नाही. माळ्यावर जुन्या धंद्यातल्या, सूत गुंडाळून येणाऱ्या कागदी नळ्या पडून होत्या. तिनं दोन नळ्या आणल्या, त्यांतली एक विळीवर उभी चिरली आणि दोन्ही बापाच्या हातात दिल्या.

"ही आख्खी नळी पिळून दाखवा."

त्यानं पिळली. नळी जागची हलली नाही.

"आता ही चिरलेली."

ती दोन बोटांत फिरली. चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून घसरल्या.

"जाडी तीच, कागद तोच," ती म्हणाली. "बंद आहे तेव्हा दम आहे. उघडी झाली की गेली. तुमचा गर्डर उघडा आहे, पप्पा. त्याला चारी बाजूंनी भिंती नाहीत."

भावानं चिरलेली नळी दोन-तीनदा पिळून पाहिली. त्याला ते मनापासून आवडलेलं दिसलं. "मंग जाड गर्डर टाकू."

"जाड नळी चिरली तरी ती चिरलेलीच राहते."

"मंग?"

"मागच्या बाजूनं, या खांबापासून त्या खांबापर्यंत, सलग प्लेट वेल्ड करायची. वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत. म्हणजे आत पेटी बंद होते. कुठंही फट नको. आणि दोन्ही टोकं खांबांना पक्की धरायची. सोपं आहे."

"प्लेट लावायची. येवढाच ना?"

"सलग. मागून."

"लावू गं बाय."

ती ठाण्याला गेली. कचेरीत तिची एक मोठी डेडलाइन होती. गोदामावर प्लेटा लागल्या. त्या पुढून लागल्या. पुढच्या बाजूला गॅलरीला खालून धरणारे लोखंडी ब्रॅकेट होते, म्हणून प्रत्येक ब्रॅकेटपाशी प्लेट कापून मध्ये मोकळी जागा ठेवावी लागली. सलग असं काही राहिलं नाही. वर चांदीसारखा चकाकणारा रंग मारण्यात आला. ती आली, तेव्हा वर काँक्रीटही ओतून झालं होतं.

"पीछे कौन देखेगा, मॅडम?" कंत्राटदारानं प्रामाणिकपणे विचारलं. "आगे लगाया तो लुक आया."

"लुक आला ना?" भाऊ म्हणाला.

"ही चिरलेली नळीच आहे, पप्पा. फक्त रंगवलेली."

"प्लेट बोलली व्हतीस, प्लेट लावली. आता पुढून का मागून, यानं लोखंडाला काय कलतंय?"

लोखंडाला कळतं, असं ती म्हणाली. त्यावर हशा पिकला. तेव्हा तिनं हसणं संपेपर्यंत थांबून दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पहिली, ही गॅलरी तिच्या डिझाइनमध्ये नाही आणि ती तिच्यावर सही करणार नाही. दुसरी, दुरुस्ती होईपर्यंत या गॅलरीत एकाही माणसानं पाय ठेवायचा नाही.

"बघू," भाऊ म्हणाला.

या शब्दावर मी नोकरीत बरीच वर्षं काढली आहेत. 'बघू' म्हणजे इन्कार नव्हे, दुजोराही नव्हे. 'बघू' म्हणणारा माणूस पुन्हा त्या बाजूला बघत नाही, एवढीच त्यातली पक्की माहिती.

सहीचा प्रश्न त्यानं एका ओळखीच्या सल्लागाराला गॅलरीचा फोटो पाठवून सोडवला. सल्लागारानं फोटो पाहिला आणि मोबाइलवर उभा अंगठा पाठवला. आमचे आजोबा अंगठा द्यायचे तेव्हा निदान त्याला शाई लागलेली असायची.

उद्घाटन ठरलं. सत्यनारायण, जेवण, आणि एका लोकप्रतिनिधीच्या हस्ते फीत कापणे. मुख्य कार्यक्रम मात्र वेगळाच होता. भावानं ड्रोनवाला बोलावला होता. साहेब, भावकीतली वडील मंडळी आणि सगळे पाव्हणे गॅलरीत उभे राहून वर बघत हात हलवणार, ड्रोन रस्त्यावरून वर चढणार आणि जाता जाता पलीकडच्या गोदामाची गॅलरी रिकामी दाखवणार, असा आराखडा होता. हा भाग भावानं स्वतः बसवला होता.

पुतणी त्या दिवशी सुटी काढून आली. तिनं साडी नेसली होती आणि पायांत साइटवरचे बूट होते. वहिनीनं बुटांकडे पाहिलं आणि ती प्रसादाच्या द्रोणांकडे वळली.

पूजा झाली. साहेब आले. मंडळी जिन्यानं वर ऑफिसात चढली. नवा संगमरवर, गारवा, अत्तर. पुढे सगळी काच आणि काचेत गॅलरीकडे उघडणारा सरकता दरवाजा. दरवाजा बसवला तेव्हा एका बोटानं सरकायचा. त्यानंतर बाहेर काँक्रीट ओतलं गेलं आणि दरवाजाला उद्घाटनापर्यंत प्लास्टिक आणि फीत लावून ठेवण्यात आली. मधल्या काळात तो कोणी उघडून पाहिला नव्हता.

साहेबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. भावानं दरवाजा सरकवला. दरवाजा सरकला नाही.

त्यानं दोन्ही हात लावले. व्यायामशाळावाला पुढे झाला. त्याचे दंड खरोखर पिळदार आहेत. दरवाजा तसाच. खालच्या रस्त्यावरून ड्रोन वर चढला होता आणि मोठ्या डासासारखा काचेबाहेर घोंघावत वाट पाहत होता.

"पहार लाव," कोणीतरी सुचवलं. कंत्राटदाराचा माणूस पहार घेऊन जिना चढलाही.

"पहार लावायची नाही," पुतणी म्हणाली आणि दरवाजासमोर जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो, बाय. साहेब उभे हायेत."

"उभे राहू देत. आत उभे आहेत तोवर काळजी नाही." ती आवाज न चढवता बोलत होती, पण खोली लहान होती. "दरवाजाची वरची पट्टी वरच्या चौकटीला आहे. खालची पट्टी गर्डरवर आहे. गर्डर बाहेरच्या अंगाला फिरलाय, म्हणून खालची पट्टी तिरकी झालीय. पप्पा, बाहेर अजून एक माणूस नाही. नुसत्या काँक्रीटनं ही गत आहे."

"तूच बोललीस पीळ हाय म्हनून!" भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात फसवणूक झालेल्या माणसाचा सूर होता. "सगल्या गावाला सांगितला मी!"

"बोलले. सुतालाही पीळ असतो. पण सुतावर कोणी उभं राहत नाही, पप्पा."

साहेबांनी, ज्यांना अशा प्रसंगांचा बराच सराव असावा, मोबाइल काढून पाहिला. भाऊ दरवाजाच्या खालच्या पट्टीकडे बघत होता. मग तो वाकला. त्यानं पट्टीवर तळवा ठेवला आणि तो पुढेमागे फिरवला. कापडाचा पोत बघताना तो असाच हात फिरवायचा. उठला तेव्हा मुलीकडे न बघता त्यानं पाहुण्यांना जाहीर केलं, "काचवाल्यानं घोटाला केला. दरवाजा जाम हाय. चला, जेवून घ्या आधी."

पहार खाली गेली. साहेब अंगणातून ड्रोनकडे बघून हात हलवून निघून गेले. भाषणात त्यांनी भूमिपुत्रांच्या मजबूत पायाचा उल्लेख केला. गॅलरीचा केला नाही. ड्रोनच्या चित्रफितीत हारांनी सजवलेली आमची रिकामी गॅलरी नीट दिसते, आणि पलीकडच्या गॅलरीत घरच्या मंडळींसह चहा पिणारा शेजारीही.

काचवाल्याला बोलावण्यात आलं. त्यानं लेव्हल लावून पाहिली आणि म्हणाला, "शेठ, काच सीधी है. आपकी गॅलरी सलाम कर रही है." त्याला चहा न देता पाठवण्यात आलं.

त्यानंतर एका दुपारी भावानं मुलीला कचेरीत फोन केला. कामाच्या वेळेत त्यानं तिला फोन करण्याची ही पहिली वेळ. मी शेजारी बसलो होतो. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण त्याला फोन असाच वापरता येतो.

"काय करायचा ता सांग."

"आधी खालून टेकू लावायचे. आजच."

टेकू हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात सरकारांसाठी वापरायचो. भावानं मान हलवली. फोनवर ती दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"मग गॅलरीचे ब्रॅकेट आत वाढवायचे. ऑफिसच्या जमिनीखालून ऑफिसच्या मागच्या अंगाच्या गर्डरपर्यंत न्यायचे आणि तिथं जखडायचे. म्हणजे गॅलरीला मागून धरून ठेवणारं कोणीतरी असेल. पुढच्या गर्डरला मग फिरावं लागणार नाही. तो फक्त खालचा भार उचलेल. ते त्याला येतं."

"ऑफिसच्या जमिनीखालून."

"हो."

"मंग संगमरवर?"

"फुटणार."

संगमरवर भावानं स्वतः जाऊन निवडला होता. एकेक लादी पाणी मारून बघितली होती.

"येवढा केल्यावर," तो शेवटी म्हणाला, "तू उभी राहशील त्याच्यावर?"

"पहिली मीच."

"मंग ये. माप घ्यायला तूच ये. त्याला मी सांगतो, तू बोलशील तसाच करायचा."

त्यानं कंत्राटदाराला तसं सांगितलं. कंत्राटदारानं "जी शेठ" म्हटलं आणि ब्रॅकेट कुठून आत न्यायचे, हे त्यानं या वेळी पुतणीला विचारलं. भावाला नाही. हा बदल भावाच्या लक्षात आला असावा, कारण त्या दिवशी त्यानं कंत्राटदाराला दोनदा उगाच हटकलं.

जमीन फोडायचं काम सुरू झालं तेव्हा मी गेलो होतो. वरून लाद्या फुटल्याचे आवाज येत होते. गॅलरीखाली लोखंडी टेकूंची रांग उभी होती आणि त्यांच्यामध्ये, सावलीत, भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्याला वरचं फुटणं बघवत नव्हतं आणि घरीही राहवत नव्हतं. रस्त्यापलीकडे शेजारी आपल्या गॅलरीत कपबशी घेऊन आला होता.

पुतणी वरून खाली उतरली. डोक्यावर हेल्मेट, अंगभर पांढरी धूळ.

"पप्पा, तिथून उठा."

"टेकू हायेत ना?"

"टेकू आहेत म्हणून वर काम चाललंय. खाली बसण्यासाठी नाहीत ते."

"तो बघतंय," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू दे."

तो उठला. खुर्ची पाठीला धरून उचलली आणि तिनं बोट दाखवलं तिथं, ट्रक वळतात त्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली. तिथं ऊन होतं.

"हितं चालंल का, मॅडम?"

"आणखी मागे," ती म्हणाली.

तो आणखी मागे सरकला.